मागच्या फळीतला माणूस

पावसाळा सुरू झाला, की आमच्या शाळेच्या मैदानावर दरवर्षी एक तंटा न चुकता उद्भवतो. संघाची वाटणी होते, आणि मागे कोणी खेळावयाचे यावरून कुरबूर सुरू होते. गोलकीपर होण्यास निदान एखादा उंच मुलगा तरी राजी होतो, कारण त्यास हातमोजे घालावयास मिळतात. परंतु बॅकची जागा म्हणजे शिक्षाच, असा समज पाचवीतल्या पोरापासून थेट कप्तानापर्यंत सर्वांचा आहे. जो नवा, जो जाड, ज्याचे बूट फाटके, तो मागे. बाकीचे अकराच्या अकरा पुढे, असा आमचा न्याय. गेल्या वर्षी अशाच मागे ढकललेल्या एका मुलाने मला विचारले, "सर, मागं खेळून माणूस पुढं काय होतो?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी उत्तर टाळले. ते उत्तर या अंकात द्यावे असे मनात आहे. आणि ते देता देता, त्या मुलाच्या प्रश्नाहून अधिक अवघड असा जो एक प्रश्न त्याच्याच पोटात दडलेला आहे, तोही वाचकांपुढे मांडावा असा हेतू आहे.

मागे खेळून माणूस काय होतो, याचे उदाहरण फार दूर शोधावयास नको. डेरिक परेरा यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १७ मार्च १९६२ रोजीचा, गोव्यातला. गोव्यात फुटबॉल हा खेळ गावोगावच्या मैदानांवर असा काही रुजलेला आहे, की तिकडे चांगला खेळाडू म्हणवून घ्यावयाचे तर शेजारच्या गावानेही मान डोलवावी लागते. परेरा साळगावकर क्लबाच्या बचावफळीत खेळले. त्या क्लबाने १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला, तो त्यांचा काळ. त्या काळातले गोमंतकीय खेळाडू आठवावयाचे म्हटले, की लोक गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. १९९७ साली अर्जुन पुरस्काराने आणि २०२२ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. गोल करणारा म्हणून ब्रुनो कुटिन्हो आठवतो. गोलकीपरच्या पुढे आणि बाकी सर्वांच्या मागे जे उभे होते, त्यांची नावे मात्र थांबून आठवावी लागतात.

यात लोकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. गोल ही गोष्ट मोजता येते. न झालेला गोल कसा मोजावयाचा? बॅकने वेळीच दोन पावले डावीकडे सरकून वाट बंद केली, त्यामुळे प्रतिपक्षाच्या गड्याने चेंडू पुढे देण्याऐवजी मागे दिला, एवढेच घडले. प्रेक्षकाच्या दृष्टीने काहीच घडले नाही. ज्या दिवशी बॅकचे काम सर्वोत्तम होते, त्या दिवशी त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. आणि ज्या दिवशी त्याचा एकदा पाय घसरतो, त्या दिवशी तेवढेच साऱ्या मैदानाला दिसते.

येथे थोडा जुना इतिहास सांगतो, कारण आमच्या मुलांना वाटते की खेळाचे नियम आभाळातून पडले आहेत. १९२५ सालापूर्वी ऑफसाइडचा नियम असा होता, की पुढे गेलेल्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे निदान तीन गडी पाहिजेत. त्या वर्षी तीनाचे दोन केले. (देवळालीचे बार्न्स हायस्कूल उघडले तेही त्याच वर्षी, अर्थात् या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.) एका गड्याचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, मैदानावर त्याने उलथापालथ केली. पुढच्या फळीस मोकळे रान मिळाले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा इंग्लंडातील आर्सेनल क्लबाचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभे केले. हाच पुढे स्टॉपर या नावाने प्रसिद्ध झाला. म्हणजे आमची मुले ज्या जागेस शिक्षा समजतात, ती जागा मुळात शिक्षा म्हणून निर्माण झालेली नाही. नियम बदलल्यावर संघाच्या कप्तानांनी आणि शिक्षकांनी फार विचार करून ती घडविलेली आहे.

आणि त्या जागेचा एक असा लाभ आहे, की जो पुढच्या फळीतल्या गड्यास कधीच मिळत नाही. पुढे खेळणाऱ्याच्या पाठीशी अर्धे मैदान असते. ते त्याला दिसत नाही. स्टॉपरपुढे बाकीच्या वीस माणसांचे चित्र मांडलेले असते. मागे राहतो तो केवळ आपला गोलकीपर. कोणाचा दम संपला, कोण रागावला आहे, कोणता हाफ आपली जागा सोडून हौसेने पुढे धावला, हे त्यास प्रथम कळते, आणि कळून चालत नाही, ओरडून सांगावेही लागते. दहा वर्षे जो मनुष्य असे पाहत व सांगत आला, तो बूट खुंटीला टांगल्यावर प्रशिक्षक झाला तर त्यात नवल ते काय? त्याने तीच विद्या आता रेषेच्या बाहेर उभे राहून चालवावयाची, एवढाच फरक. पुढच्या फळीतल्या खेळाडूंत उत्तम शिक्षक निघत नाहीत असे नव्हे. परंतु त्यांना जी गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती बॅकला आधीपासून येत असते.

परेरा यांनी ही विद्या कशी चालविली ते पाहा. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ मूळ महिंद्र कंपनीचा. तो १९६२ साली स्थापन झाला, म्हणजे परेरा यांच्याच वयाचा. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील सातपूरच्या महिंद्र कारखान्यात नोकरीस आहेत, परंतु आपल्या कंपनीचा एके काळी असा नामांकित संघ होता हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असावे. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. तेव्हापासून तिचे अजिंक्यपद पंजाब, कलकत्ता आणि गोवा यांच्यातच फिरत होते. महाराष्ट्राच्या नावावर काही नव्हते. २००५-०६ च्या हंगामात ते महिंद्र युनायटेडने मिळविले, फेडरेशन चषकही त्याच हंगामात जिंकला, आणि संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. पुढे २००८ साली याच संघाने ड्युरँड चषक आणला. कूपरेजच्या मैदानावर तालीम करणाऱ्या एका संघाने कलकत्त्याच्या लाखो लोकांच्या लाडक्या क्लबांना मागे टाकावे, ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

२००९ साली परेरा पुण्यास गेले. पुणे फुटबॉल क्लब हा त्या वेळी अवघा दोन वर्षांचा होता आणि देशाच्या वरच्या लीगमध्ये त्याचे ते पहिलेच वर्ष होते. त्या पहिल्याच हंगामात संघ तिसरा आला. २०१२-१३ च्या हंगामात तो दुसरा आला. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स तेवढा पुढे राहिला. ज्या शहरात ज्याला त्याला क्रिकेटचे वेड, त्या शहरात चार वर्षांत हे घडले. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात हा संघ खेळे.

येथवर ही कथा सुखाची आहे. येथेच थांबलो, तर "परिश्रमाचे फळ गोड असते" असे लिहून मोकळे होता येईल, आणि संपादकांनाही ते आवडेल. परंतु तसे केले तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल.

परेरा पुण्यास गेले त्याच्या पुढल्याच वर्षी, म्हणजे २०१० साली, महिंद्र कंपनीने आपला संघ बंद केला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निर्णयाने संपला. पुणे फुटबॉल क्लबाचे तेच झाले. २०१५ साली त्याच्या मालकांनी संघ मोडला. त्यानंतर परेरा पुण्याच्याच डी. एस. के. शिवाजियन्स या संघाचे प्रशिक्षक झाले. तो संघ २०१५ साली वरच्या लीगमध्ये आला आणि २०१७ साली बंद पडला. बालेवाडीसच खेळणारा एफ. सी. पुणे सिटी हा तिसरा संघ २०१४ साली निघाला आणि २०१९ साली आटोपला. मधल्या काळात परेरा ज्या साळगावकर क्लबात लहानाचे मोठे झाले आणि जेथे ते प्रशिक्षक म्हणूनही काही काळ परतले होते, त्या क्लबाने २०१६ साली देशाच्या लीगमधून अंग काढून घेतले. स्पोर्टिंग आणि डेम्पो हे गोव्याचे दुसरे दोन क्लबही त्याच वर्षी बाहेर पडले. एका मनुष्याच्या एका हयातीत, किंबहुना तिच्या अर्ध्या भागात, त्याने जेथे जेथे घर बांधले त्यांतील इतकी घरे अशी पडली. ज्या गवंड्याने बांधलेली घरे पडतात त्याच्या हातास लोक दोष देतात. येथे गवंडी चांगला होता, भिंतीही सरळ होत्या, जमीनच भाड्याची होती.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. आर्मांदो कुलासो हे डेम्पो क्लबाचे प्रशिक्षक. ते एकाच क्लबात वर्षानुवर्षे राहिले आणि त्या क्लबाने २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० व २०११-१२ असे पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. या यादीत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामध्ये जी एका वर्षाची फट आहे, ती परेरा यांच्या महिंद्रची. कुलासो यांची योग्यता मोठीच; अलीकडे द्रोणाचार्य पुरस्काराने सरकारनेही ती मान्य केली. परंतु त्यांना जे एक मिळाले ते परेरा यांना कोठेच दीर्घकाळ मिळाले नाही, आणि ते म्हणजे टिकणारे छप्पर. परेरा यांना एकाच घरात दहा वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण चार वर्षांत ज्याने नवा संघ दुसऱ्या क्रमांकावर नेला, त्यास आणखी चार वर्षे द्यावयास हवी होती एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

बचावफळी तयार होण्यास वेळ का लागतो, हे ज्याने मैदानावर मुले शिकविली आहेत त्यास विचारावे. गोल करणारा एखादा हुन्नरी पोरगा एका मोसमात चमकतो. ते बरेचसे त्याच्या पायातले दान असते. चार बॅक मात्र एकत्र वाढावे लागतात. एकाने पुढे सरकावयाचे तर तिघांनी त्याच क्षणी सरकले पाहिजे. एक जरी मागे रेंगाळला तर ऑफसाइडची रेषा मोडते आणि चौघेही फसतात. एक बाहेर धावला तर त्याची जागा दुसऱ्याने न सांगता भरावयाची असते. हे फळ्यावर दहा मिनिटांत शिकविता येते आणि अंगवळणी पडण्यास दोन-तीन वर्षे लागतात. संघ मोडला की खेळाडू दुसरीकडे जातात, प्रशिक्षकालाही दुसरी नोकरी मिळते, चषक काचेच्या कपाटात राहतात. चौघांमधली ती न बोलता झालेली समजूत मात्र कोणालाच बरोबर नेता येत नाही. ती तेथेच मरते.

आता मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. कंपनी मोटारी बनविण्यासाठी असते, फुटबॉल खेळविण्यासाठी नव्हे. संघास वर्षाकाठी मोठा खर्च येतो. प्रेक्षकांच्या तिकिटांतून त्याचा अल्पांशही वसूल होत नाही. मग भागधारकांना काय उत्तर द्यावयाचे? महिंद्र कंपनीने तर संघ बंद करताना आपले लक्ष यापुढे लहान मुलांच्या फुटबॉलकडे देण्याचे धोरण जाहीर केले होते, आणि तो विचार वाईट होता असे कोण म्हणेल? अठ्ठेचाळीस वर्षे ज्यांनी पदरमोड करून संघ पोसला, त्यांना शिव्याशाप देणे हा कृतघ्नपणा होईल. दोष असलाच तर आमचा आहे. दुसऱ्याच्या पैशाने उभे राहिलेले घर आम्ही आपले समजलो. संघ जिंकला तेव्हा "आपली मुंबई", "आपले पुणे" असे म्हटले, आणि तो मोडला तेव्हा एकाही गल्लीत चूल बंद राहिली नाही. २०२५ साली तर देशाची सर्वांत वरची लीगच ठरल्या वेळी सुरू होऊ शकली नाही. महिनोन् महिने खेळाडू आणि प्रशिक्षक वाट पाहत बसले. घराला धनी कोण, हा प्रश्न एका पुण्याचा किंवा एका मुंबईचा राहिलेला नाही.

परेरा यांच्याविषयी आणखी एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. दुसऱ्याने सोडलेली जागा भरण्याचे काम त्यांच्या वाट्याला वारंवार आले. २०१७ साली चर्चिल ब्रदर्सचा हंगाम अर्ध्यावर असता त्यांना बोलावणे आले. २०१९ साली तेवीस वर्षांखालील भारतीय संघ घेऊन ते ताश्कंदला आशियाई पात्रता सामन्यांस गेले. तेथे यश आले नाही. २०२१ च्या डिसेंबरात एफ. सी. गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो हंगामाच्या मध्यावरच कलकत्त्याच्या मोहन बागानकडे निघून गेले. परेरा त्या वेळी क्लबाचे तांत्रिक संचालक होते. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा मैदानाची कड धरली. गोव्याचा संघ त्या वर्षी अकरांत नववा आला. हा काही पराक्रम नव्हे, आणि मी तो तसा रंगवीतही नाही. परंतु आपला सहकारी जागा सोडून गेला असता जो तेथे धावून उभा राहतो, त्यास मैदानावर बॅक म्हणतात. आणि गोल झालाच तर तो त्याच्या नावावर लागतो, हेही आलेच.

असेच एक अलीकडचे चित्र. गोव्याचेच महेश गवळी, तेही बचावफळीतले. २००३ साली जाकार्ता येथे ईस्ट बेंगालने आसियान क्लबांची स्पर्धा जिंकली त्या संघात ते होते. पुढे ते भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना दोन वेळा लाल पत्र मिळाले आणि ते मैदानाबाहेर बसविले गेले. उपांत्य सामना लेबनॉनशी, अंतिम सामना कुवेतशी. दोन्ही सामन्यांत कडेला उभे राहून संघ सांभाळला तो गवळी यांनी. ४ जुलै रोजी बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर भारत ५-४ असा जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत सुनील छेत्री आणि गोलकीपर गुरप्रीत यांची छायाचित्रे होती. ती असावयासच हवीत. मागच्या फळीतल्या माणसास याची सवय असते.

मग घर कोणाचे असावे? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच आहे, आणि ते कोल्हापुरात आहे. तेथे फुटबॉल कंपन्यांनी आणला नाही. तो पेठांनी आणि तालमींनी वाढविला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, ही त्या संघांची नावेच सांगतात की त्यांचा धनी कोण. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. मोसमात शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठ लोटते. तालमीचा आधारस्तंभ गेला तर दुसरा उभा राहतो, वर्गणी कमी पडली तर संघ फाटक्या जर्सीवर खेळतो, परंतु खेळतो. मोडत नाही, कारण मोडावयाचा निर्णय घेणारे कार्यालयच नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापुरातही सारे गोड आहे असे नाही. दोन पेठांचे समर्थक सामन्यानंतर हातघाईवर येतात, आणि देशाचे अजिंक्यपद काही तेथे आलेले नाही. तरीही मला विचाराल तर, एका वर्षी चषक आणून पाच वर्षांनी नाहीसा होणाऱ्या संघापेक्षा ऐंशी वर्षे भांडत का होईना टिकणारा संघ मी पत्करीन.

नाशकात तालमी आहेत, पण त्या कुस्तीच्या. कोल्हापुरासारखी पेठांची परंपरा येथे फुटबॉलास लाभली नाही, आणि ती हुकमाने निर्माणही होणार नाही. येथे न मोडणारे घर एकच आहे, आणि ते म्हणजे शाळा. शाळेस भागधारक नसतात. मुले दरवर्षी नवी येतात, मैदान तेथेच असते. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारताने १९५१ व १९६२ साली आशियाई सुवर्णपदके मिळविली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान घेतले, ते मूळचे हैदराबादचे शाळामास्तर होते, हे आम्ही मास्तरांनी तरी विसरू नये.

परंतु शाळा तरी काय करते? मी आजवर ज्या शाळांत काम केले त्यांतला रिवाज सांगतो. जून उजाडला की सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीची आठवण होते. धावाधाव करून एक प्रशिक्षक मिळवितात. बहुधा तो एखादा जुना खेळाडूच असतो, आणि त्यातही बहुधा बॅक. त्यास सहा-सात आठवड्यांचे मानधन ठरते. संघ हरला की त्याच आठवड्यात त्याची गरज संपते. पुढल्या जूनमध्ये तो मिळाला तर तो, नाही तर दुसरा. म्हणजे मोठ्या कंपन्यांनी पाच-सात वर्षांनी जे केले, ते आम्ही दरवर्षी करतो, आणि त्यांच्या नावाने बोटे मोडतो.

माझी सूचना साधी आहे. स्नेहसंमेलनाच्या मांडवास आणि ध्वनिक्षेपकास जो पैसा लागतो, त्यात थोडी भर घातली तर एक प्रशिक्षक बारा महिने ठेवता येतो. त्यास पाच वर्षांचा शब्द द्यावा. पहिली तीन वर्षे ढाल आली का, असे त्यास कोणी विचारू नये. पाचवीत आलेली चार मुले त्याच्या हाताखाली एकत्र नववीपर्यंत मागे खेळू द्यावीत. आशियाई महासंघाच्या प्रशिक्षकपदाच्या पायऱ्या आहेत, डी, सी, बी, ए आणि प्रो अशा. त्यांतील पहिली परीक्षा देण्यास त्यास शाळेने आपल्या खर्चाने पाठवावे. पालक म्हणतील, अभ्यासाचे काय? मी मराठीचा शिक्षक आहे, निबंधांच्या वह्यांचा ढीग माझ्याच टेबलावर असतो. अभ्यासाची काळजी मलाही आहे. संध्याकाळचा एक तास एका जागी उभे राहून दुसऱ्याची चूक सावरण्यात गेला, तर वही कोरी राहील असे मला वाटत नाही.

ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, तो आता दहावीत आहे आणि अजूनही मागेच खेळतो. मागे खेळून माणूस डेरिक परेरा होतो, हे उत्तर मी त्यास दिले. तेव्हा त्याने पुढचा प्रश्न विचारला, "मग ते आता कोणत्या संघाला शिकवतात?" तो मुलगा आपल्या जागेवरून सारे मैदान पाहत असावा. परेरा यांनी शिकविलेले महाराष्ट्रातले संघ आज अस्तित्वात नाहीत, हे मला त्यास सांगावे लागले.

शाळेच्या पुढील वर्षाच्या खर्चाचा विचार मार्चमध्ये होतो. प्रशिक्षकाचा प्रश्न त्या वेळी निघावा. जूनमध्ये पाऊस, चिखल आणि फाटके चेंडू यांपलीकडे कोणाला काही सुचत नाही.